‘शोध लागला’ म्हणण्यापूर्वी : मूलकणांचे संशोधन लोकांना आणि माध्यमांना कसे सांगावे

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सभागृहात अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांच्या प्रवक्त्यांनी आपापली निरीक्षणे मांडली, आणि ती मांडून झाल्यावर महासंचालक रॉल्फ ह्यूअर यांनी ‘मला वाटते, ते आपल्याला सापडले आहे’ अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच दिवशीच्या प्रसिद्धीपत्रकाची भाषा मात्र वेगळी होती. सुमारे १२५-१२६ जीईव्ही (मूलकणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजण्याचे एकक) वस्तुमानाच्या पट्ट्यात एक नवा कण आढळला असून तो हिग्ज बोसॉनच्या, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राशी निगडित कणाच्या, अपेक्षित वर्णनाशी जुळतो, इतकेच त्यात म्हटले होते. हा कण खरोखर हिग्ज बोसॉनच्या जातीचा आहे, असे सांगायला सर्नने मार्च २०१३ पर्यंत वेळ घेतला.

दोन्ही विधाने आपापल्या जागी योग्य होती. सभागृहात बसलेल्यांना ‘मला वाटते’ या शब्दांचे वजन ठाऊक होते. बाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्याच्यासाठी खात्रीचे माप वेगळे आणि स्पष्ट लिहावे लागले. मूलकणांविषयी लोकांशी बोलताना सर्वाधिक काळजी घ्यावी ती याच मापाची, असे माझे ठाम मत आहे. काय सापडले हे सगळेच सांगतात. ते किती खात्रीने सापडले हे सांगायचे राहून जाते आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. पुढील सूचना भौतिकशास्त्राचे संशोधक, प्राध्यापक आणि संशोधन संस्थांचा जनसंपर्क पाहणारे यांच्यासाठी आहेत. विज्ञानाच्या बातम्या करणाऱ्या पत्रकारांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

लिहायला बसताना

पत्रक असो, लेख असो किंवा व्याख्यान असो, प्रथम एका कागदावर काय मोजले, कशाने मोजले, खात्री किती आहे आणि या निकालावरून काय म्हणता येत नाही, एवढे साध्या वाक्यांत लिहून काढावे. यातली शेवटची बाब बहुतेक जण गाळतात, कारण स्वतःच्या कामाची मर्यादा आपणच सांगितली तर बातमी पडेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात तीच ओळ काही वर्षांनी आपली लाज राखते.

अमेरिकेतील शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेने एप्रिल २०२१ मध्ये म्युऑन या इलेक्ट्रॉनसारख्या, पण जड कणाच्या चुंबकीय गुणधर्माचे मोजमाप जाहीर केले. ते मोजमाप आणि सैद्धांतिक गणिताचे उत्तर यांत ४.२ सिग्माचा फरक होता (सिग्मा हे खात्रीचे माप, त्याचा अर्थ पुढे सांगितला आहे), आणि निसर्गातील एखादे अज्ञात बल हाती लागल्याच्या बातम्या जगभर झाल्या. पण फरक मोजला जातो तो दोन बाजूंमध्ये, आणि दुसरी बाजू असलेले गणितही अजून पक्के झालेले नव्हते. संगणकावर वेगळ्या पद्धतीने तेच गणित करणाऱ्या एका गटाचे उत्तर त्याच दिवशी प्रसिद्ध झाले आणि ते प्रयोगाच्या बरेच जवळ होते. २०२५ मध्ये प्रयोगाचे अंतिम मोजमाप आले, ते एक अब्जात १२७ भाग इतके अचूक होते. त्याच सुमारास सिद्धांतकारांनी सुधारलेले गणितही आले, आणि दोघांतला तो गाजलेला फरक उरला नाही. ज्यांनी २०२१ मध्येच ‘हा फरक गणिताच्या बाजूनेही मिटू शकतो’ असे एक वाक्य लिहिले होते, त्यांना २०२५ मध्ये काहीही मागे घ्यावे लागले नाही.

सिग्मा मराठीत सांगताना

पाच सिग्मा म्हणजे ‘कण असण्याची शक्यता ९९.९९९९ टक्के’ असा अर्थ सर्रास लावला जातो आणि तो चुकीचा आहे. बरोबर अर्थ असा : असा कण मुळात नसता, तर केवळ योगायोगाने आलेखात एवढा किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक आहे. हे वाक्य लांब आहे, पण ते तोडून छोटे करण्याच्या नादात अर्थच उलटा होतो, म्हणून ते लांबच ठेवावे आणि त्यापुढे नाण्याचे उदाहरण द्यावे. नाणे २१-२२ वेळा उडवले आणि दर वेळी छापाच पडला, तर आपण नाणे खोटे आहे असे म्हणू. पाच सिग्मा साधारण त्या पातळीवर येते. तीन सिग्मा म्हणजे सुमारे ७४० त एक, म्हणजे सलग नऊ-दहा छापे. ते चकित करणारे असले तरी अशक्य नाही.

याच उदाहरणातून आणखी एक अवघड मुद्दा सहज सांगता येतो. हजार मुलांच्या शाळेत प्रत्येकाने दहा वेळा नाणे उडवले, तर कुणा एका मुलाला दहाही छापे पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि फक्त त्या मुलाचीच बातमी केली तर ती दिशाभूल ठरेल. सर्नमध्ये शास्त्रज्ञ शेकडो आलेखांमध्ये, प्रत्येक आलेखाच्या अनेक जागी, उंचवटे शोधत असतात, त्यामुळे कुठेतरी तीन सिग्मा दिसणारच. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोघांनाही ७५० जीईव्हीच्या आसपास दोन फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, आलेखात असा उंचवटा दिसला, त्यावर सिद्धांतकारांनी काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध लिहिले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत नवी आकडेवारी मांडली गेली तेव्हा तो उंचवटा नाहीसा झालेला होता. यात कुणाची लबाडी नव्हती; नाणे पुन्हा उडवले गेले, इतकेच.

मराठीतल्या निसरड्या जागा

इंग्रजी पत्रकाचे मराठी करताना जिथे पाय घसरतो त्या जागा इंग्रजीत नसतात, आपल्या भाषेतच असतात. पहिली जागा ‘शोध’ या शब्दाची. शोध घेणे, शोध सुरू असणे आणि शोध लागणे या तिन्हींत तोच शब्द आहे, त्यामुळे ‘कृष्णद्रव्याच्या कणाचा शोध’ असा मथळा वाचून कण सापडला की अजून हुडकत आहेत, हे कळतच नाही. मथळ्यात क्रियापद हवेच : ‘शोध लागला’ किंवा ‘शोध सुरू’. या क्षेत्रात तीन सिग्माला पुरावा आणि पाच सिग्माला शोध म्हणण्याचा संकेत आहे; त्याच धर्तीवर तीन सिग्माहून कमी असेल तेव्हा ‘चाहूल’ हा शब्द मी वापरतो. चाहूल लागली म्हटले की कुणीतरी आले असेल किंवा वाराही असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी जागा ‘सिद्धांत’. इंग्रजी वाचकाला ‘थिअरी’ म्हणजे नुसता तर्क वाटतो अशी तिकडच्या शास्त्रज्ञांची तक्रार असते. आपली अडचण नेमकी उलटी आहे, कारण सिद्धांत या शब्दातच ‘सिद्ध’ बसलेला आहे. सापेक्षतेला सिद्धांत म्हणावे; पण ज्या महासममितीचा (सुपरसिमेट्री : प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा ही कल्पना) एकही कण आजवर सापडलेला नाही तिलाही सिद्धांत म्हटले की वाचक ती सिद्ध झालेली समजतो. तिथे ‘मांडणी’ किंवा ‘प्रस्ताव’ म्हणावे. तसेच सांख्यिकीतल्या मापाला ‘९५ टक्के विश्वास’ न म्हणता ‘९५ टक्के खात्रीची पातळी’ म्हणावे, कारण विश्वास हा शब्द आपल्याकडे श्रद्धेच्या शेजारी राहतो. ‘रेडिएशन’ या शब्दाची तर विशेष काळजी घ्यावी. प्रारण म्हणजे प्रकाशासह सर्व प्रकारचे उत्सर्जन आणि किरणोत्सर्ग म्हणजे अणुकेंद्रातून होणारे, हा भेद पाठ्यपुस्तकात आहे. बोलण्यात दोन्हींना रेडिएशनच म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात अणुभट्टी उभी राहते.

‘देवकण’ हा शब्द वापरू नये. लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकातून तो प्रचारात आला, खुद्द पीटर हिग्ज यांना तो आवडत नव्हता, आणि मराठीत आल्यावर तर त्याने थेट अध्यात्माच्या स्तंभात प्रवेश केला. या कणाचे आडनाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून आले आहे, ही खरी आणि अभिमानाची गोष्ट सांगायला उपलब्ध असताना देवाला मध्ये आणण्याची गरज नाही.

उपमा देताना तिची हद्दही सांगावी

१९९३ मध्ये ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी हिग्ज बोसॉन म्हणजे काय ते एका पानात समजावून देण्याचे आव्हान भौतिकशास्त्रज्ञांना दिले होते. विजेत्यांपैकी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डेव्हिड मिलर यांनी कार्यकर्त्यांनी भरलेल्या दालनात मार्गारेट थॅचर शिरतात ही कल्पना केली : त्या चालू लागताच माणसे भोवती गोळा होतात, त्यामुळे थॅचरबाईंना हलणे जड जाते, थांबल्या तर पुन्हा निघणे जड जाते; हे जड जाणे म्हणजेच वस्तुमान. सभेच्या मांडवात शिरणारा लोकप्रिय पुढारी डोळ्यांपुढे आणला की मराठी श्रोत्याला ती तशीच कळते. हिग्ज क्षेत्र काकवीसारखे चिकट आहे ही उपमा मात्र टाळावी. काकवीत टाकलेला गोळा वेग गमावत अखेर थांबतो. एकसमान वेगाने जाणाऱ्या कणाला हिग्ज क्षेत्र थांबवत नाही. आणि उपमा कोणतीही असली तरी शेवटी हे सांगावेच की, आपल्या शरीराचे बहुतांश वस्तुमान हिग्जमुळे आलेले नाही. ते प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्क या मूलकणांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाच्या ऊर्जेतून आलेले आहे. ‘हिग्जमुळे सर्व वस्तूंना वस्तुमान मिळते’ हे वाक्य मराठी लेखांत इतक्या वेळा छापले गेले आहे की ते खोडून काढण्यासाठी वेगळा परिच्छेद खर्च करणे योग्य ठरते.

आकड्यांचेही तसेच आहे. सर्नच्या महाकाय त्वरकाचा, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन त्यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा, घेर २७ किलोमीटर आहे हे सांगताना ‘चर्चगेटहून लोकलने निघालात तर अंधेरी मागे पडेल इतके अंतर’ असे म्हटले तर मुंबईकराला ते पटकन उमगते. एक टीईव्ही (एक हजार जीईव्ही) म्हणजे उडत्या डासाच्या गतिज ऊर्जेइतकी ऊर्जा ही तुलना प्रसिद्ध आहे, पण तेवढ्यावर थांबल्यास श्रोता विचारतो की मग एवढा खर्च डासासाठी का. ती ऊर्जा डासाहून कितीतरी अब्जपटींनी लहान जागेत कोंबलेली असते, हे त्याच दमात सांगावे.

माध्यमांशी वागताना

बातमीदार आपला लेख आपल्याला दाखवायला बांधील नसतो आणि मथळा बहुधा तो लिहीतच नाही. रात्री डेस्कवरचा उपसंपादक लिहितो, ज्याने आपल्याशी बोललेलेही नसते. म्हणून पत्रकासोबत खरे आणि आकर्षक असे दोन मथळे आपणच लिहून द्यावेत. मी हे करू लागल्यापासून निम्म्याहून अधिक वेळा त्यातलाच एखादा छापून येतो. आकडे कोटी आणि अब्जांत करून द्यावेत, कारण ‘मिलियन’चे दहा लाख आणि ‘बिलियन’चे शंभर कोटी करताना घाईत शून्ये गळतात. दूरचित्रवाणीवर आपल्या वाट्याला वीस-पंचवीस सेकंदांचा बाइट येतो. त्यातले पहिले वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहावे, आणि खात्रीचे माप त्याच वाक्यात गुंफावे, कारण दुसरे वाक्य कापले जाण्याची शक्यता मोठी असते.

वेळेचाही विचार करावा. २०१२ चे सर्नचे चर्चासत्र तिथल्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू झाले. मराठी दैनिकाच्या दृष्टीने ही सोयीची वेळ आहे, पण त्या चार-पाच तासांत मराठीतून बोलणारा जाणकार मिळाला नाही तर वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी जशीच्या तशी भाषांतरित होते. सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, मोठा वाटा आहे. त्यातील बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापक (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) उभारण्यात याच संस्थेचा प्रमुख हात होता. मोठी घोषणा होणार हे सहसा आधी कळते. मराठीतले टिपण आणि बोलणाऱ्या दोघा-तिघांची नावे आदल्या दिवशी तयार असावीत.

चूक झाली तर

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सर्नहून इटलीतील ग्रान सास्सोपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे कण, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर केले. चमूने आपली चूक शोधून देण्याचे आवाहनही केले होते, पण बातमी झाली ती ‘आइनस्टाइन चुकला’ अशी. पुढे नीट न बसलेली प्रकाशतंतूची जोडणी हे मुख्य कारण निघाले आणि जून २०१२ मध्ये दुरुस्त निकाल प्रकाशवेगाशी जुळला. मधल्या काळात चमूत अविश्वासाचे मतदान होऊन प्रवक्त्यांनी पद सोडले होते.

यावरून ‘लवकर बोलू नये’ असा धडा काढला जातो, पण तो मला अपुरा वाटतो. निकालाची कुणकुण आधीच लागली होती, गप्प राहणे शक्य नव्हते. जे सांगता आले असते ते वेगळेच होते. १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरील ताऱ्याचा स्फोट दिसला तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तासच आधी पृथ्वीवर पोहोचले होते. ऑपेराचा वेग सर्व न्यूट्रिनोंना लागू असता तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते. नव्या निकालाशेजारी जुना, विरोधात जाणारा पुरावा ठेवणे हे घोषणा करणाऱ्याचेच काम आहे. तो पत्रकात पहिल्या पानावर असावा. आणि निकाल मागे घ्यायची वेळ आली तर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे, त्याच पत्रकारांना, चूक कशी सापडली या कहाणीसह द्यावी. सैल जोडणीची कथा लोक आवडीने वाचतात आणि विज्ञान स्वतःला कसे तपासते हे त्यातून त्यांना दिसते.

भीती आणि अफवा

सप्टेंबर २००८ मध्ये सर्नचा महात्वरक सुरू होताना कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, अशा चर्चा आपल्या वृत्तवाहिन्यांवरही दिवसचे दिवस चालल्या. शास्त्रज्ञ सवयीने म्हणत होते की अशी शक्यता नगण्य आहे, आणि घरी बसलेली आई ऐकत होती की शक्यता आहे. त्याऐवजी सांगायला हवी ती निसर्गाची साक्ष : अवकाशातून येणारे विश्वकिरण याहून मोठ्या ऊर्जेच्या टकरी पृथ्वीच्या वातावरणात साडेचारशे कोटी वर्षे घडवत आले आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्नच्या आवारातील नटराजाच्या मूर्तीपुढे नरबळी दिल्याचा बनावट व्हिडिओ पसरला, तेव्हाही उत्तर असेच साधे हवे होते. ही मूर्ती भारताने २००४ मध्ये भेट दिलेली आहे, हे आधी सांगावे आणि व्हिडिओ खोटा असल्याचे नंतर. अफवेचे वर्णन करून सुरुवात केली की लक्षात अफवाच राहते.

यापेक्षा कठीण प्रकरण आपल्याच देशातले आहे. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, बोदी येथील डोंगराच्या पोटात, भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याचे ठरले. ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक, त्यावर सर्व बाजूंनी किलोमीटरभर खडक, आणि वातावरणात निसर्गतः तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंचे निरीक्षण, असा हा प्रकल्प होता. टीआयएफआर त्याची प्रमुख संस्था होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मंजुरी दिली. पण बोगद्यात अणुकचरा साठवणार, न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होणार अशा अफवा पसरल्या, आणि अखेर २०२२ मध्ये राज्य सरकारने प्रकल्पाला परवानगी देणार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाला कळवले. ज्या देशात १९६५ मध्येच कोलारच्या सोन्याच्या खाणीत, खोल जमिनीखाली, वातावरणातील न्यूट्रिनो टिपले गेले होते, तिथे हे घडले याचे मला मनापासून दुःख आहे.

मात्र सगळ्या विरोधाला अज्ञान म्हणून मोकळे होता येणार नाही. शास्त्रज्ञांनी सभा घेतल्या, दर सेकंदाला आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सूर्याचे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो निरुपद्रवीपणे आरपार जातात, हे सांगितले. ते पूर्णपणे खरे आहे. पण गावकऱ्याचा प्रश्न न्यूट्रिनोचा नसतो. सुरुंगाच्या स्फोटांनी विहिरीचे पाणी जाईल का, काढलेला खडक कुठे टाकणार, ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार, वाघांच्या वाटेचे काय, हे त्याचे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नसतात. म्हणून प्रकल्पाच्या गावात जाणाऱ्या पहिल्या पथकात भूजलाचा जाणकार आणि वनविषयाचा जाणकार असावा, भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्या नंतर बोलावे, आणि हे सर्व जागा पक्की होण्याआधी घडावे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. तिथे हे काम मराठीत करावे लागणार आहे आणि ते करणारी माणसे आपल्यातूनच जावी लागतील.

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न कुठेही येतोच. वेबचा जन्म सर्नमध्ये झाला आणि एप्रिल १९९३ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली गेली, खारघरला कर्करोगावर प्रोटॉन किरणांनी उपचार होतात, हे जरूर सांगावे. पण आपल्या ताज्या निकालातून असे काही निघेल असे वचन देऊ नये. कुतूहल हेच कारण असेल तर ते सरळ सांगावे. लोकांना ते पुरते, असा माझा अनुभव आहे.

एकदा डोळ्यांनी दाखवावे

‘हे कण कुणी पाहिलेत?’ एका तालुक्याच्या गावी व्याख्यानानंतर निवृत्त शिक्षकांनी मला विचारले होते, आणि तेव्हा माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. तेव्हापासून मी मेघकोठी, म्हणजे कणांचे माग डोळ्यांना दाखवणारी पेटी, सोबत नेतो. काचेची पेटी, तिच्या छताला आतून चिकटवलेली जाड फेल्टची पट्टी, ती भिजवायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, तळाला काळा धातूचा पत्रा आणि त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस, इतकेच सामान लागते. ड्राय आइस जाड हातमोजे घालूनच हाताळावा, खोली हवेशीर असावी आणि अल्कोहोल पेट घेत असल्याने जवळपास ज्योत नसावी. दिवे मालवून बाजूने टॉर्चचा झोत टाकावा. पहिली दहा-पंधरा मिनिटे अल्कोहोलची बारीक भुरभुर पडताना दिसते आणि मुले कंटाळतात. त्या वेळात सांगावे की आत्ता तुमच्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जात आहे. मग पत्र्याच्या वर एक पांढरा, सरळ, कापसाच्या तंतूसारखा धागा उमटतो आणि विरतो. पाठोपाठ एखादा आखूड, जाडसर धागा येतो, तो हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूतून निघालेल्या अल्फा कणाचा. या वेळी आपण काहीही समजावून सांगू नये. दोन-तीन मिनिटे गप्प राहावे, पेटीभोवती सगळ्यांना आळीपाळीने वाकून पाहू द्यावे, आणि पहिला प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्यावा.